नवशिक्यांची मोटार आणि विमा

पुण्याची वर्दळ मागे टाकून मुळशीतील उरवड्याकडे वळले, की तरुण मुलांस मोटार शिकविण्याचा मोह वडीलमंडळींस होतो. गाडीचा विमा उतरविलेला आहे, एवढ्यावर त्यांनी निर्धास्त राहू नये. शिकाऊ परवानाही परवानाच होय, असे सर्वोच्च न्यायालयाने २००४ साली स्वर्णसिंग खटल्यात ठरविले. परंतु १९८९ च्या नियमांनुसार पक्का परवाना असलेला शिकविणारा, गाडी आवरता येईल असा, शेजारी बसलेला हवा व पुढेमागे तांबडे ‘एल्’ अक्षर हवे. ही अट मोडली असता वाटसरू जखमी झाला, तर त्याच्या भरपाईचा बोजा मालकावर येऊ शकतो. म्हणून किल्ली देण्यापूर्वी शिकाऊ परवान्याची ६ महिन्यांची मुदत संपली नाही ना, हे कुटुंबप्रमुखांनी अवश्य पाहावे, अशी आमची सूचना आहे.