वाळूतली मुदत ठेव

फेब्रुवारी उजाडला की वर्तमानपत्रांतून एक छायाचित्र हटकून येते. ओली वाळू, दोरीपलीकडे दाटीवाटीने उभी असलेली माणसे, आणि त्यांच्यासमोरून समुद्राकडे निघालेली, तळहातावर मावतील एवढी काळपट पिल्ले. ते पाहून शनिवारी दुपारी कोल्हापूरच्या किती तरी गाड्या आंब्याचा नाही तर गगनबावड्याचा घाट उतरतात. कोणी गुहागर गाठतो, कोणी वेंगुर्ल्याजवळचे वायंगणी, आणि ज्याच्याकडे रजा शिल्लक आहे तो थेट मंडणगड तालुक्यातल्या वेळासला जातो. मुलांना कासवे दाखवायची असतात. उत्तम गोष्ट आहे. पण हे छायाचित्र म्हणजे कामाचा शेवटचा पाव तास. त्याच्या आधीचे चार-पाच महिने कोण राबले, कशावर राबले आणि पुढच्या वर्षी ते राबतील काय, हे त्यात दिसत नाही.

वेळास हे नाना फडणविसांचे मूळ गाव. हिशेब ठेवणाऱ्या घराण्याच्या गावात आज अंड्यांचा हिशेब वहीत चढतो, या योगायोगाची मला गंमत वाटते. २००२ साली चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेच्या भाऊ काटदरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांना या किनाऱ्यावर कासवाच्या अंड्यांची टरफले दिसली आणि काम सुरू झाले. तोवर कोकणच्या गावांतून अंडी काढून नेणे यात कोणाला काही वावगे वाटत नसे. वन्यजीव संरक्षणाचा कायदा १९७२ चा, त्यात ऑलिव्ह रिडले कासव पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्या पंक्तीला. पण पहाटे तीन वाजता वाळूवर कायदा हजर नसतो. तिथे हजर असतो तो अंडी काढणारा, नाही तर कोल्हा, नाही तर गावातली कुत्री.

संस्थेने शहाणपणा केला तो इथे. अंडी कुठे असतात हे गावातल्याच माणसांना पक्के ठाऊक होते. तेव्हा राखणीचे काम त्यांनाच सांगितले. पहिल्या हंगामात पन्नासच्या आसपास घरटी राखली गेली. २००६ पासून कासव महोत्सव सुरू झाला, घराघरांतून पाहुण्यांच्या मुक्कामाची सोय झाली, आणि वेळासच्या पाठोपाठ आंजर्ले, गुहागर, खाली सिंधुदुर्गातही हे लोण पोहोचले. पुढे ग्रामपंचायती आणि वनखाते यांनी हे काम आपले मानले.

आता हे काम म्हणजे काय ते नीट पाहू. नोव्हेंबर ते मार्च हा साधारण हंगाम. मादी रात्री वाळूवर येते, दीडेक फूट खोल, सुरईच्या आकाराचा खड्डा करते, शंभर-सव्वाशे अंडी घालते, खड्डा बुजवून तासाभरात पाण्यात परतते आणि पुन्हा त्याच्याकडे ढुंकून पाहत नाही. किनाऱ्यावर राहतो तो तिच्या पायांचा माग, लहान ट्रॅक्टर वाळूतून गेल्यासारखा. कासवमित्र म्हणून ओळखला जाणारा गावचा माणूस उजाडायच्या आत बॅटरी घेऊन किनारा चालतो, कारण भरती, वारा आणि कुत्री यांच्या आधी त्याला तो माग गाठायचा असतो. मग वाळू चाचपून खड्डा शोधायचा, टेबल टेनिसच्या चेंडूसारखी पांढरी अंडी एकेक उचलायची, ती उलटीपालटी होऊ द्यायची नाहीत, काही तासांच्या आत जाळीच्या कुंपणात तेवढ्याच खोलीचा खड्डा करून त्यात ठेवायची, आणि तारीख व संख्या लिहून पाटी लावायची. पंचेचाळीस दिवसांच्या सुमारास त्यावर टोपली पालथी घालायची आणि सकाळ-संध्याकाळ उघडून पाहायची. पिल्ले निघाली तर पाण्यापासून थोडी दूर सोडायची, म्हणजे चार पावले ती आपली आपण चालतील. बहुतेक पहाटे मागही नसतो, टोपलीखाली काहीही नसते. माणूस तीन-चार किलोमीटर चालून रिकाम्या हाताने घरी येतो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा निघतो.

स्वयंसेवा हा शब्द आपण कोल्हापूरकर फार अभिमानाने वापरतो, आणि त्याला कारणही आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२१ च्या जुलैमध्ये पंचगंगा शहरात शिरली तेव्हा तालमींतली पोरे छातीभर पाण्यात उतरली. भाकरीच्या चळती कुठून आल्या हे कोणी विचारले नाही. संकट आले की धावून जाणे हा या मातीचा गुण आहे. पण पुराची सेवा आठ-दहा दिवसांची असते, तिला गर्दी असते, वाचलेल्या माणसाचा चेहरा समोर असतो. कासवाची चाकरी दीडशे पहाटांची. ती एकट्याने करायची, आणि जिच्यासाठी करायची तिची भेटही बहुधा होत नाही. या दुसऱ्या जातीच्या सेवेची आपल्याला सवय नाही. शनिवार-रविवार जाऊन पिल्लांचे फोटो काढून येणाऱ्याने स्वतःला स्वयंसेवक म्हणवून घ्यावे काय, हा प्रश्न मला थोडा टोचतो. तो पाहुणा आहे. पाहुणा असण्यात कमीपणा नाही, कारण त्याच्या पैशावर बरेच काही चालते.

पैशाचा विषय निघाला म्हणून सांगतो. नोकरीतली माझी काही वर्षे किनाऱ्यावरच्या शाखेत गेली. लोकांच्या भल्याबुऱ्याविषयी तिथे एकच धडा शिकलो, की चांगली सवय टिकवायची तर तिच्यात कोणाची तरी मिळकत असावी लागते. कोकणात कासव वाचले ते प्रवचनांनी नव्हे. अंड्याची किंमत एकदाच मिळते आणि पिल्लाची दरवर्षी, हे गावाला दिसले म्हणून वाचले. पाहुणा येतो, दोन रात्री राहतो, उकडीचे मोदक खातो, कोकम घेऊन जातो. हा व्यवहार सरळ आहे आणि मला तो पसंत आहे. त्यात एक भोक मात्र आहे. ज्याच्या घरात चार खोल्या त्याला पाहुणा मिळतो. पहाटे चालणाऱ्याच्या घरात त्या असतीलच असे नाही. त्याच्या वाट्याला हंगामापुरते मानधन येते, आणि हंगाम संपला की तो मजुरीला, आंब्याच्या बागेत, नाही तर मुंबईच्या गाडीत. मुलगा तर आधीच मुंबईत गेलेला असतो. सारा डोलारा गावागणिक दोन-तीन माणसांच्या पायांवर उभा आहे, आणि त्या माणसांचे केस पांढरे होत चालले आहेत.

यावर उपाय अवघड नाही. मुक्कामाच्या प्रत्येक रात्रीमागे ठरावीक रक्कम कासवमित्रांच्या खात्यात थेट जमा व्हावी आणि पाहुण्याच्या पावतीवर ती वेगळी दिसावी. सरकारी मानधन नोव्हेंबर लागण्याआधी मंजूर असावे. मार्चअखेर पैसे खर्ची टाकण्याची आपल्या कचेऱ्यांची रीत कासवांना माहीत नसते. चिपळूण आणि सावंतवाडी हे वनविभाग कोल्हापूरच्या वनवृत्तात येतात, तेव्हा हा आग्रह धरायला मुंबईलाच जायला हवे असे नाही.

सरकारला हे जमत नाही असेही नाही. कासव फुप्फुसाने श्वास घेते, ट्रॉलरच्या जाळ्यात पाण्याखाली अडकून राहिले तर गुदमरून मरते. २०१८ च्या अखेरीस राज्याच्या कांदळवन कक्षाने योजना आणली. संरक्षित प्राणी जाळ्यात आला तर मच्छीमाराने जाळे कापून तो सोडावा, पुरावा म्हणून चित्रण करावे, आणि जाळ्याची भरपाई पंचवीस हजार रुपयांपर्यंत घ्यावी. जाळे कापणे म्हणजे त्या माणसाने स्वतःच्या पोटावर सुरी फिरवणे असते, हे ज्याने ओळखले त्या अधिकाऱ्याला व्यवहार कळत होता. उलट बाजूचेही उदाहरण आहे. कासव निसटून जाईल अशी चौकट जाळ्यात बसवण्याचा नियम आपण नीट पाळला नाही, म्हणून अमेरिकेने २०१९ मध्ये आपल्याकडची समुद्रात पकडलेली कोळंबी घेणे बंद केले. तेव्हा कासवाची किंमत निर्यातदारांना एका दिवसात कळली.

मात्र या ठेवीची मुदत फार लांब आहे. मादी अंडी घालण्याच्या वयाला येईपर्यंत दहा-पंधरा वर्षे जातात. हजार पिल्लांतले एखादेच तेवढे जगते असे मानतात. वेळासला २००२ च्या हंगामात सोडलेल्यांपैकी कोणी परत आले काय, हे कोणी सांगू शकत नाही, कारण इवल्याशा पिल्लावर खूण राहत नाही. मोठ्या माद्यांचे थोडे कळू लागले आहे. २०२२ मध्ये पाच माद्यांच्या पाठीवर उपग्रहाला संदेश देणारी यंत्रे बसवली. वेळासच्या पहिलीचे नाव प्रथमा. २०२३ मध्ये गुहागरहून निघालेली बागेश्री श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागराकडे गेली. आणि २०२५ मध्ये गुहागरला अंडी घालायला आलेल्या एका मादीच्या पायावर धातूचा बिल्ला सापडला, क्रमांक ०३२३३. तो तिला २०२१ साली ओडिशात लावलेला होता. ओडिशात ऋषिकुल्येच्या मुखाशी २०२५ च्या फेब्रुवारीत जवळजवळ सात लाख कासवे अंडी घालून गेली. त्या मानाने आपल्या किनाऱ्यावरची घरटी म्हणजे किरकोळ खाती वाटतात. पण पूर्व-पश्चिम किनारे हे एकाच पेढीचे असावेत, असा संशय त्या बिल्ल्याने निर्माण केला आहे, आणि मग छोट्या शाखेलाही महत्त्व येते.

शिवाय किनाराच पूर्वीचा राहिलेला नाही. कुठे धूपप्रतिबंधक बंधाऱ्याचे दगड मादीची वाट अडवतात. कुठे सुरूची लागवड पार वाळूपर्यंत उतरली आहे. हॉटेलांचे दिवे पिल्लांना उलटीकडे ओढतात, कारण त्यांना उजेड म्हणजे समुद्र एवढेच कळते. आणि उन्हाचे तर विचारू नका. कासवात नर की मादी हे खड्ड्यातल्या उष्णतेवर ठरते, तिशीच्या आसपासचा अंश ओलांडला की माद्याच वाढत जातात. तेव्हा कुंपणातल्या वाळूवर सावली धरायची की नाही, किती धरायची, हे आता तापमापक लावून ठरवायचे काम झाले आहे. जिथे घरटे सुरक्षित आहे तिथे ते हलवूच नये, असे तज्ज्ञ म्हणतात ते बरोबरच आहे. त्याला मात्र राखणीला आणखी माणसे लागतील. शिवाजी विद्यापीठातल्या प्राणिशास्त्राच्या विद्यार्थ्यांना एक अख्खा हंगाम कासवमित्राच्या मागे चालायला लावले आणि त्याचे गुण दिले, तर दोघांचेही भले होईल. दोन दिवसांच्या शिबिराने ते साधणार नाही.

यंदा जाणार असाल तर एवढे करा. घरटे कधी फुटेल याची तारीख कोणी देऊ शकत नाही, तेव्हा दोन रात्रींचा मुक्काम धरा आणि पिल्ले दिसलीच नाहीत तर घरमालकावर चिडू नका. सोडतेवेळी मोबाईलचा दिवा लावू नका, मुलांना दोरीच्या आत सोडू नका. आणि एका पहाटे पाच वाजता उठून, परवानगी घेऊन, त्या चालणाऱ्या माणसाबरोबर किनाऱ्याच्या टोकापर्यंत जाऊन या. चहा तुमच्याकडून.