नव्वद मिनिटे कोणाची?

मुंबई ते नागपूर हे अंतर किती, या प्रश्नाला आज एक उत्तर नाही. आकाशातील सरळ रेषेने ते सुमारे ६८० किलोमीटर आहे, लोहमार्गाने ८३७, आणि जून २०२५ मध्ये पूर्ण झालेल्या समृद्धी महामार्गाने ७०१. विमान दीड तासात पोचवते. मोटार आठ तासांत पोचेल, असे शासन सांगते. रेल्वेच्या साधारण डब्यात बसणाऱ्याची, किंबहुना उभे राहणाऱ्याची, एक अख्खी रात्र खर्ची पडते.

वेग हा प्रगतीचा निर्विवाद पुरावा मानण्याची प्रथा नियोजनकारांत रूढ आहे. एखाद्या प्रकल्पाचा लाभ मोजताना ‘वाचलेला वेळ’ पैशांत मांडतात, आणि तासाचे मोल पुष्कळदा प्रवाशाच्या मिळकतीवरून ठरवतात. साहजिकच बड्या अधिकाऱ्याचा एक तास शेतमजुराच्या अनेक तासांना भारी पडतो आणि श्रीमंतांची सोय ‘किफायतशीर’ ठरते. गणित बिनचूक असते. अन्याय त्याच्या गृहीतात असतो. समृद्धी महामार्गावर दुचाकीला आणि रिक्षाला मज्जाव आहे. सुरक्षिततेच्या दृष्टीने तो योग्यही असेल. परंतु ज्यांच्या शेतांतून हा रस्ता गेला, त्यांच्यापैकी अनेकांचे वाहन दुचाकी हेच आहे.

याच नागपूरने वेगाचा एक वेगळा हिशेबही पाहिला आहे. १९४९ साली रात्रीची हवाई टपालसेवा सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता व मद्रास येथून निघालेली विमाने मध्यरात्रीच्या सुमारास नागपुरास एकत्र येत, टपालाच्या थैल्यांची अदलाबदल होई आणि विमाने परत फिरत. त्याच वर्षी देशांतर्गत पत्रे जादा आकार न घेता विमानाने नेण्याचे धोरण टपाल खात्याने स्वीकारले. गिरणी कामगाराला विमानात बसणे स्वप्नातही शक्य नव्हते, पण त्याचे पत्र व्यापाऱ्याच्या पत्राच्या शेजारी, त्याच दरात उडत होते.

अंतराचा प्रश्न राजकीयही आहे. १९५३ च्या नागपूर कराराने विधिमंडळाचे दरवर्षी किमान एक अधिवेशन नागपुरास भरावे आणि शासनाने ठराविक काळ तेथे मुक्काम हलवावा, असे ठरले. नागरिकाने राजधानीपर्यंत चालत जाण्याऐवजी राजधानीने त्याच्याकडे यावे, हा त्यामागील आशय. २०२० व २०२१ साली साथीच्या कारणाने हिवाळी अधिवेशन मुंबईतच झाले. २०२४ चे नागपुरात भरले, तेही जेमतेम आठवडाभर. मंत्री दीड तासात येतात आणि दीड तासात जातात. वेग वाढला तसा मुक्काम आटला, असेच म्हणावे लागते. उलट सिरोंच्याच्या मजुराला नागपूर गाठण्यातच दिवस मोडावा लागतो, आणि त्या दिवसाची मजुरी त्याला कोणी देत नाही.

एप्रिल २०२५ मध्ये अमरावतीहूनही मुंबईची विमानसेवा सुरू झाली. तिला विरोध करण्याचे कारण नाही. परंतु ‘उडान’ योजनेत सार्वजनिक पैशाने विमानभाड्यास हातभार लावता येतो, तर त्याच न्यायाने मुंबई-नागपूर मार्गावरील प्रत्येक रात्रीच्या गाडीला साधारण डबे वाढवता आले पाहिजेत, गडचिरोलीच्या एस.टी. फेऱ्यांना अनुदान मिळाले पाहिजे, आणि नागपूर अधिवेशनाचा किमान कालावधी कायद्याने निश्चित झाला पाहिजे. या तीन मागण्या येत्या हिवाळ्यातील मोर्चाच्या निवेदनात कार्यकर्त्यांनी अग्रक्रमाने घालाव्यात.