उजनीचं पाणी परस्पर देऊ नका

मुळा-मुठा रांजणगाव सांडसजवळ भीमेला मिळते आणि पुण्याचं सगळं पाणी, धुतलेलं आणि न धुतलेलं, आमच्या वडगाव रासाईवरून खाली दौंडकडे जातं. तिथून पुढे नदी संपते आणि उजनी धरणाचा फुगवटा सुरू होतो. कागदावर त्याचं नाव यशवंतसागर. दौंड, इंदापूर, करमाळा, कर्जत अशा तालुक्यांच्या काठाला हे पाणी लागतं. 1980 साली धरण पुरं झालं तेव्हा त्याचा मुख्य हेतू होता, शेतीला पाणी. भिगवण, कुंभारगाव, डिकसळच्या पाणथळीत रोहित पक्षी उतरतील आणि ते बघायला मुंबईच्या गाड्या येतील, हे कुणाच्या आराखड्यात नव्हतं.

आता मात्र आराखड्यात तेच आहे. 2024 मध्ये राज्य सरकारने सोलापूर जिल्ह्याच्या पर्यटन आराखड्याला मंजुरी दिली, त्यात उजनीचं जलपर्यटन ठळक आहे. कालपर्यंत पाटबंधाऱ्याचं असलेलं हे पाणी उद्या पर्यटनाचं होणार. पर्यटनाला आमचा विरोध नाही. ज्या भोई पोरांच्या बापांनी आयुष्यभर जाळी ओढली, ती पोरं आज दुर्बीण गळ्यात अडकवून पट्टकदंब कुठे बसलाय हे पाहुण्याला दाखवतात आणि चार पैसे मिळवतात. ज्यांची घरं-वावरं या पाण्याखाली गेली, त्यांच्या नातवंडांना त्याच पाण्याने काही परत दिलं असेल तर ते एवढंच. पण धक्का, रिसॉर्ट, वेगबोटी यांचे निर्णय मंत्रालयात होऊन काठावरच्या गावाला फक्त फलक दिसणार असेल, तर बोलायची वेळ हीच आहे.

कायद्याची गंमत बघा. पाणथळ जागांसाठी 2017 चे नियम आहेत. त्यांतून सिंचनासाठी, पिण्यासाठी आणि करमणुकीसाठी माणसाने बांधलेले जलाशय वगळले आहेत. म्हणजे उजनी सिंचनाची म्हणूनही सुटली आणि उद्या करमणुकीची ठरली तरी सुटलेलीच! उलट नाशिक जिल्ह्यातलं नांदूर मध्यमेश्वर बघा. तेही सिंचनासाठी घातलेल्या बंधाऱ्याचंच पाणी. तरी 1986 साली ते अभयारण्य झालं आणि पुढे महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ म्हणून जगाच्या यादीत गेलं. पक्ष्यांना धरण आणि तळं यातला फरक कळत नाही, त्यांना चिखल आणि उथळ पाणी लागतं.

हा चिखल म्हणजेच खरी मेख आहे. आवर्तनं सुटली की पाणी मागे सरतं, गाळ उघडा पडतो, आणि त्या गाळात रोहित चोच घालून खातो. त्याच गाळपेर जमिनीवर आपण नांगर घालतो. उपयुक्त साठा साधारण 53 टीएमसी आणि मृत साठा त्याहून मोठा, 63 टीएमसीच्या वर. म्हणून आपल्याकडे धरण शून्याखालीही जातं. 2024 च्या उन्हाळ्यात ते उणे साठ टक्क्यांच्या आसपास गेलं होतं. अशा वर्षी कुणाला किती पाणी, कुठली गाळपेर पेरायची आणि कुठली पक्ष्यांना सोडायची, हे आज कोण ठरवतं? पाणी जलसंपदाचं, पक्षी वनखात्याचे, वाळू महसूलची, मासे मत्स्यव्यवसायचे, पाहुणे पर्यटनाचे. गाव कुणाचंच नाही.

त्याचे परिणाम डोळ्यांसमोर आहेत. बारीक आसाची जाळी लावून वडापवाले मासेमार बोटभर पिल्लंसुद्धा उपसून नेतात. स्थानिक मासा मागे पडला, भिगवणच्या बाजारात चिलापीचे ढीग लागतात. वाळूउपशाच्या बोटी महसूलवाले जिलेटिन लावून फोडतात, फोटो छापून येतो, आणि थोड्या दिवसांनी यारीचा आवाज पुन्हा सुरू. आणि 21 मे 2024 तर कुणीच विसरू नये. कुगावहून कळाशीकडे निघालेली प्रवासी बोट वादळी वाऱ्यात उलटली, सहा जण बुडाले. ते सहलीला निघाले नव्हते, पैलतीरावर जायला निघाले होते. बोटींची नोंदणी, तपासणी, जीवरक्षक जॅकेट यांसाठी 2021 चा अंतर्देशीय जहाज कायदा आहे. तो वेगबोटीला लावाल तसा आपल्या होडीलाही लावा, पण गरीब नावाड्याला जॅकेट अनुदानात द्या. नुसती बंदी घालून मोकळं होऊ नका.

मग मागायचं काय? अभयारण्य मागू नका, हे मी स्पष्ट सांगतो. करमाळ्या-कर्जतच्या लोकांना माळढोकचा अनुभव आहे. 1979 साली जवळजवळ साडेआठ हजार चौरस किलोमीटर एका फटक्यात अभयारण्य झालं, गावंच्या गावं त्यात आली, आणि हद्द कमी व्हायला 2012 उजाडलं. त्या धास्तीने लोक पक्ष्याचं नाव काढलं तरी दचकतात, आणि त्यात त्यांची चूक नाही.

वन्यजीव कायद्यात 2002 च्या दुरुस्तीने आणखी एक वाट आली आहे : संवर्धन राखीव क्षेत्र, कलम 36-अ. ते सरकारी जमिनीवरच होतं, म्हणजे धरणासाठी संपादित झालेल्या पट्ट्यावर, तुमच्या सातबाऱ्यावर नाही. जाहीर करण्याआधी स्थानिक लोकांशी सल्लामसलत करावीच लागते. आणि त्याच्या व्यवस्थापन समितीत हद्दीतल्या प्रत्येक ग्रामपंचायतीचा एक प्रतिनिधी बसतो. समितीचं काम सल्ला देण्याचं, हेही खरं. पण आज तर सल्ला विचारणारंही कुणी नाही. भिगवण-कुंभारगावचा उथळ पट्टा एवढाच त्यात घाला, खोल पाणी पर्यटनाला ठेवा. पक्ष्यांच्या हंगामात उथळ भागात इंजिन बंद, वल्ह्याची होडी चालू. पाहुणे नेण्याचा पहिला हक्क काठावरच्या नावाड्यांचा. पावसाळ्यात, मासा अंडी घालतो तेव्हा, जाळं काठावर.

वडगाव रासाईचा, मांडवगणचा, पारगावचा माणूस म्हणेल, उजनी खाली, आमचा काय संबंध? संबंध असा की जे पाणी आपल्या मोटारी उसाला देतात तेच तिथे साठून हिरवं पडतं. शहराच्या मैल्याचा पहिला साक्षीदार आपण, उजनी शेवटची. पाहुण्यांसाठी तिथे धक्के बांधण्याआधी वरच्या नाल्यांवरची मैलाशुद्धीकरण केंद्रं पूर्ण क्षमतेने चालवा, ही अट वरच्या गावांनी घातली नाही तर खालच्यांच्या शब्दाला वजन येणार नाही. घाण पाण्यावर वेगबोट फिरवून कुठलं पर्यटन होणार आहे!

म्हणून वरच्या आणि खालच्या गावांनी येत्या ग्रामसभेत एकच ठराव घ्यावा : उथळ पट्टा कलम 36-अ खाली संवर्धन राखीव करावा, पर्यटनाचा कोणताही ठेका देण्याआधी काठच्या ग्रामसभांची संमती घ्यावी, आणि भीमेत येणाऱ्या सांडपाण्याच्या तपासणीचे आकडे दर महिन्याला ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावेत. 15 ऑगस्ट असो की 2 ऑक्टोबर, सभेला कोरम भरेल एवढी माणसं घेऊन या, बायाबापड्यांना आणि होडीवाल्यांना आवर्जून बोलवा. ठरावाची एक प्रत जिल्हाधिकाऱ्यांना, एक मुख्य वन्यजीव रक्षकांना आणि एक जलसंपदा खात्याला द्या. प्रत्येक ठिकाणी पोच घ्या, शिक्क्यासहित.