नाव झाका, मग साउंड घ्या

गुडीहत्नूर आणि आसपासच्या गावांतल्या भजनी मंडळांना, गणेश मंडळांना एक कळकळीची विनंती आहे. वर्गणीच्या पैशांतून नवा साउंड घ्यायला आदिलाबादला किंवा नांदेडला जाल, तेव्हा कंपनीचं नाव आणि किंमत पाहून भुलू नका. नाव झाकून ऐका, मग ठरवा.

आपण नुसत्या कानांनी ऐकत नाही. समोरचा चकचकीत डबा आणि मनात बसलेली किंमतही निकालात भाग घेते. शिवाय दोन आवाजांतला किंचित मोठा आवाज आपल्याला बहुतेकदा जास्त चांगला वाटतो. महागडं मशीन (ॲम्प्लिफायर) जरा चढ्या आवाजात लागलं, की तिथेच पसंती होऊन जाते. त्यात दुकानदाराची लबाडी असेलच असं नाही.

म्हणून परीक्षा अशी घ्या. दोन्ही मशीनना तोच स्पीकर आणि तेच रेकॉर्डिंग लावा. भजनाचं असेल तर उत्तम, कारण टाळ-पखवाज तुमच्या कानात मुरलेले आहेत. मोबाइलमधलं आवाज मोजायचं ॲप एकाच जागी धरून दोन्हींचा आवाज सारखा करा. 'पहिलं' आणि 'दुसरं' असं सांगून दोन्ही मशीन एकदा ऐकवा, मग त्यांवर चादर टाका. एकाने चादरीआड नाणं उडवून कोणतं मशीन लावायचं ते ठरवावं आणि टिपून ठेवावं. बाकीच्यांनी एकमेकांशी न बोलता कोणतं मशीन वाजलं ते लिहावं. असं दहा वेळा करा. पाच-सहा उत्तरं बरोबर आली तर तो अंदाज समजा. नुसत्या अंदाजाने नऊ किंवा दहा बरोबर येण्याची शक्यता शंभरात जेमतेम एक असते. कुणाला तेवढी जमली, तर त्याची पुन्हा एकदा परीक्षा घ्या. तेव्हाही जमलं, तर फरक खरा.

मोठमोठ्या जाणकारांचीही अशी परीक्षा झाली आहे. अमेरिकेत बोस्टनच्या दोन अभ्यासकांनी 2007 साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. उच्च दर्जाचं रेकॉर्डिंग थेट ऐकवायचं, नाहीतर साध्या सीडीच्या दर्जाला उतरवून ऐकवायचं, आणि कोणतं ते ओळखायला सांगायचं. 554 वेळा विचारलं, 276 उत्तरं बरोबर आली. म्हणजे निम्मीसुद्धा नाहीत.

याचा अर्थ सगळा माल सारखाच, असा नाही. स्पीकर-स्पीकरमधला, माईक-माईकमधला फरक बहुधा साध्या कानालाही कळतो. माईक तोंडापासून किती लांब धरला, स्पीकर कुठे ठेवला, यानेही आवाज पार बदलतो. शिट्टी वाजते तीही बहुतेकदा माईक स्पीकरच्या तोंडासमोर आल्यामुळे. ती थांबवायला जागा बदलून पाहा, पैसा लागत नाही. पुरेशा जाडीची साधी वायर असताना नावाजलेल्या वायरीसाठी मात्र जादा पैसे मोजू नका.

शेतमजुराने दिलेले पन्नास रुपयेही त्या वर्गणीत असतात. जो फरक गावाला ऐकू येईल, त्यावरच ते खर्च करा. दुकानदाराला आधीच सांगा, 'चादर टाकून ऐकवा.' तो नाही म्हणाला, तर दुसरं दुकान गाठा.