मदत त्याच आठवड्यात पोचू द्या

माननीय कुलगुरू, प्राचार्य आणि उच्च शिक्षण विभागातील अधिकारी यांस,



वडिलांना अर्धांगाचा झटका आल्याचा फोन येतो आणि मुलगी मिळेल त्या एसटीने गाव गाठते. दवाखाना, घरची गुरं, धाकट्या भावाची शाळा हे सगळं बघून ती परत येते तोवर परीक्षा अर्जाची मुदत संपलेली असते. मग विलंब शुल्क. त्याची जुळवाजुळव होते न होते तोच अतिविलंब शुल्क. अंतर्गत परीक्षा बुडालेली, हजेरी 75 टक्क्यांच्या खाली, कॉट बेसिसवरच्या खोलीचं भाडं थकलेलं, मेसचे पैसे बाकी. पुण्यात, संभाजीनगरात, नांदेडला शिकवणाऱ्या कुणालाही विचारा, अशी मुलं त्यांच्या वर्गात आहेत. माझ्याही वर्गात आहेत, म्हणून हे पत्र.

योजना नाहीत असं मी म्हणणार नाही. स्वाधार आहे, पंजाबराव देशमुख निर्वाह भत्ता आहे, महाडीबीटीवरच्या शिष्यवृत्त्या आहेत. त्यांच्या जोरावर घरातली पहिली पदवी मिळवणारी मुलं मी पाहिली आहेत. पण या योजना वर्षाच्या हिशोबाने चालतात. अर्ज, छाननी, त्रुटी, पुन्हा छाननी, आणि पैसे खात्यात जमा होईपर्यंत अनेकदा परीक्षाही उरकलेली असते. संकट आलेल्या मुलाच्या हातात मात्र चार-आठ दिवस असतात. तेवढ्यात कुणी हात दिला तर तो तरतो. म्हणून माझी मागणी एकच आहे: त्या आठवड्यात निर्णय घेऊ शकेल असा एक माणूस प्रत्येक महाविद्यालयात हवा, आणि त्याच्या हातात थोडे पैसे हवेत.

पैशाची अडचण आणि अभ्यासातली अडचण आपण दोन वेगळ्या टेबलांवर पाठवतो. मुलाच्या आयुष्यात त्या एकच असतात. रात्री केटरिंगच्या कामाला जाणारा मुलगा सकाळच्या प्रॅक्टिकलला झोपेने पेंगतो. दोन विषय राहतात. एटीकेटीत बसला तर ठीक, नाहीतर इयर डाऊन. वर्ष गेलं की बहुतेक शिष्यवृत्त्यांचं नूतनीकरण अडतं, वसतिगृहातली जागाही जाते. मग तो आणखी काम धरतो आणि पुढच्या वर्षी आणखी विषय राहतात. शेवटी एक दिवस तो दाखला मागायला येतो आणि आपण रजिस्टरवर ‘वैयक्तिक कारण’ लिहून घेतो. ही गळती अभ्यास झेपत नसल्याची नाही. पहिले दोन विषय राहिले तेव्हाच कुणीतरी त्याला बसवून ‘रात्री कुठे असतोस रे?’ एवढं विचारलं असतं, तर बरंच काही टळलं असतं. पालक-शिक्षक योजना याचसाठी आहे. पण ती नॅकच्या फायलीत जितकी जिवंत दिसते तितकी वर्गात नसते. एका शिक्षकाकडे साठ-सत्तर मुलं दिली की नावंसुद्धा लक्षात राहत नाहीत.

त्या आठवड्यात निर्णय घेण्यासाठी नवी समिती नको. पुणे विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयांत विद्यार्थी विकास अधिकारी आहेतच. त्यांना खरे अधिकार द्या: घरातला मृत्यू, मोठं आजारपण, पूर, आग अशा प्रसंगी विलंब शुल्क माफ करण्याचा, अंतर्गत परीक्षा पुन्हा घ्यायला लावण्याचा, हजेरीत सूट देण्याचा. कागदपत्रं नंतर घ्या. तेराव्याच्या आधी मुलाकडे वडिलांचा मृत्यू दाखला मागणं थांबवा.

आणि निधी. फीची पावती नीट वाचली तर विद्यार्थी कल्याण, गट विमा अशा नावांखाली छोट्या छोट्या रकमा दिसतात. त्या मुलं दरवर्षी भरतात. विमा कशाचा आहे आणि दावा कुणाकडे करायचा, हे वर्गात विचारून पाहा. बहुतेकांना ठाऊक नसतं. या पैशांतला ठरावीक भाग तातडीच्या मदतीसाठी बाजूला काढा. दोन महिन्यांचा डबा, एसटीचं भाडं, परीक्षा शुल्क एवढ्यावर एक वर्ष वाचतं.

साताऱ्याच्या बोर्डिंगात मुलांना खायला उरलं नाही तेव्हा कर्मवीर भाऊराव पाटलांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्र विकलं. रयत शिक्षण संस्था अशा तातडीवर उभी राहिली. कर्मवीरांची ‘कमवा आणि शिका’ आपण अभिमानाने चालवतो. त्यातली ही घाईसुद्धा आपलीच आहे.

मनाच्या बाबतीत तर आता पर्याय राहिलेला नाही. 2022 साली देशात 13 हजारांहून अधिक विद्यार्थ्यांनी आयुष्य संपवल्याची सरकारी नोंद आहे, आणि राज्यांमध्ये सर्वांत मोठा आकडा आपल्या महाराष्ट्राचा आहे. जुलै 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की शंभर किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता असलाच पाहिजे. मराठीच्या नाहीतर वाणिज्यच्या शिक्षकाकडे अतिरिक्त कार्यभार सोपवून हे होणार नाही. समुपदेशकाची खोली प्राचार्यांच्या केबिनसमोर नसावी, आणि आत कोण जातंय हे साऱ्या व्हरांड्याला दिसू नये. रात्रीसाठी टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक आहे. तो प्रत्येक ओळखपत्रामागे छापायला फारसा खर्च येत नाही.

येत्या सत्राच्या परीक्षा अर्जाचं परिपत्रक लवकरच निघेल. त्यात विलंब शुल्काचा तक्ता असेलच. त्याच पानावर, त्याच टाइपात, अडचणीतल्या विद्यार्थ्याने कुणाला भेटायचं त्या अधिकाऱ्याचं नाव, मोबाइल क्रमांक आणि निर्णयाची तीन दिवसांची मुदत छापा.

आपला,
एक प्राध्यापक