पट्टा बांधला म्हणून पाळीव नव्हे



फ्लोरिडातल्या डिस्ने वर्ल्डमध्ये कुत्र्यांचे लाड चालतात, हा गेल्या अंकातील पत्रलेखकाचा शेरा घाईचा आहे. अमेरिकेच्या १९९०च्या अपंगत्व कायद्याच्या आधारे आत येतो तो प्रशिक्षित मदतनीस कुत्रा. अंधाला वाट दाखवणारा, फिट आल्यावर मालकाला सावरणारा. केवळ मनाला धीर देणारा कुत्रा त्यात बसत नाही.

कर्मचारी दोनच प्रश्न विचारू शकतात: कुत्रा अपंगत्वामुळे लागतो का आणि त्याला कोणते काम शिकवले आहे? कागदपत्रे मागता येत नाहीत. लबाडीला इथे फट राहते, हे खरे. म्हणून काय गरजूंना दारात अडवायचे? आवरता न येणाऱ्या कुत्र्याला बाहेर काढता येतेच.

राहिला प्रश्न तिथल्या स्पेस माउंटन या रोलरकोस्टरचा. तिथे कुत्र्याला बसवत नाहीत. सोबतचा माणूस त्याच्यापाशी थांबतो, मग पाळी बदलतात.

— एक वाचक