वाय-फाय गेलं, आळ कुणावर?

लेकरांनो,

या आठवड्याच्या टपालात नांदेडच्या सातवीतल्या एका मुलीचं पत्र आलं आहे. अक्षर सुरेख, पण पत्र रुसलेलं! ती लिहिते, "बाई, रात्री कॉम्प्युटरवर 'अपडेट चालू आहे, बंद करू नका' असं आलं. मी बंद केला नाही. सकाळी बघते तर वाय-फायचं चिन्हच गायब! प्रिंटरपण ऐकेना. पप्पा म्हणाले, गेम खेळून तूच बिघडवलास. दुरुस्तीवाले काका म्हणाले, कार्ड गेलंय, नवीन टाका. बाई, खरंच माझ्यामुळं झालं का?"

आधी उत्तर देते आणि मग कारण सांगते. रात्रीपर्यंत चालणारी वस्तू सकाळी चालत नाही आणि मधल्या वेळात एकच गोष्ट घडली आहे, ती म्हणजे अपडेट. मग पहिला संशय अपडेटवरच घ्यायला हवा. साध्या गेममुळे वाय-फायचं कार्ड जळत नाही. आणि कार्ड 'गेलं' असं म्हणण्याआधी ते खरंच गेलं आहे का, हे तपासायला हवं.

आता कारण. नांदेड जिल्ह्यातल्या देगलूरच्या बाजारात कुणी गेलं आहे का? तेलंगणाची हद्द तिथून जवळच. बाजारात मराठीबरोबर तेलुगूही कानावर पडते. समजा, एका शेतकऱ्याला फक्त मराठी येते आणि व्यापाऱ्याला फक्त तेलुगू. सौदा कसा व्हायचा? दोन्ही भाषा जाणणारा कुणीतरी मधे बसतो. हा दुभाष्या! तो असला की काम फटाफट होतं.

कॉम्प्युटरच्या आतही असाच बाजार भरलेला असतो. सगळा कारभार बघते ती ऑपरेटिंग सिस्टीम, म्हणजे विंडोज, लिनक्स वगैरे. तिच्या हाताखाली वाय-फायचं कार्ड, प्रिंटर, स्पीकर, कॅमेरा अशी मंडळी. प्रत्येकाला बनवणारी कंपनी वेगळी, प्रत्येकाची भाषा वेगळी. ऑपरेटिंग सिस्टीमला या सगळ्या भाषा येत नाहीत. म्हणून प्रत्येक वस्तूसोबत एक दुभाष्या दिलेला असतो. त्याचं नाव ड्रायव्हर. हा एसटीचा ड्रायव्हर नव्हे बरं का! हा एक छोटासा प्रोग्रॅम असतो.

अपडेट म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीममध्ये केलेला बदल. कधी त्यात चूक दुरुस्त केलेली असते, कधी नवी सोय आणलेली असते. पण या बदलात तिची बोलण्याची रीत थोडी जरी बदलली, तरी जुना दुभाष्या गोंधळतो. कधी अपडेट जुन्या दुभाष्याला उठवून नवाच आणून बसवतं, आणि त्या नव्याला तुमच्या कार्डाची भाषा नीट येत नाही. शेतकरी ठणठणीत, व्यापारी ठणठणीत, पण सौदा बंद!

आता तुम्ही विचाराल, वाय-फायच का सारखं रुसतं? कारण त्याचं काम फार नाजूक. हवेतून लहरी पकडायच्या, पासवर्डची गुप्त बोलणी करायची, बॅटरी वाचवण्यासाठी मधेच झोपायचं, हाक मारली की लगेच उठायचं. एवढ्या गोष्टी बिनचूक जुळाव्या लागतात. एक जरी चुकली, तरी आपल्याला दिसतं ते एकच, "कनेक्शन नाही."

अशी फजिती फक्त आपल्याच घरी होते असं समजू नका. डिसेंबर २०२३ मध्ये विंडोज ११ चं एक अपडेट आलं आणि काही कॉम्प्युटरांना वाय-फायला जोडताच येईना. गंमत अशी, की घरच्या साध्या वाय-फायवर सहसा हा त्रास नव्हता. त्रास होता तो मोठ्या कार्यालयांत आणि विद्यापीठांत, जिथे प्रत्येकाला वेगळं नाव आणि पासवर्ड देऊन आत यावं लागतं. मायक्रोसॉफ्टने चूक मान्य केली आणि त्याच महिन्यात तो बदल मागे घेतला. त्या काळात कितीतरी जणांनी आपला लॅपटॉप बिघडला असंच समजलं असेल!

याहून मोठी गोष्ट २००८ सालची. ती एखाद्या रहस्यकथेसारखीच आहे. लिनक्सची २.६.२७ ही आवृत्ती तयार होत होती आणि तिची चाचणी चालू होती. त्या वर्षी सप्टेंबरमध्ये चाचणी करणाऱ्यांच्या लक्षात आलं, की इंटेल कंपनीची काही नेटवर्क कार्डं एकाएकी मुकी होत आहेत. आणि हे साधं रुसणं नव्हतं. कार्डाच्या आत एक छोटी कायमची स्मृती असते. तिच्यात त्या कार्डाची ओळख आणि काम करण्याची माहिती लिहिलेली असते. त्या जागीच कुणीतरी भलतंसलतं लिहून ठेवत होतं! कॉम्प्युटर बंद करून चालू केला तरी कार्ड बरं होत नव्हतं.

संशय कुणावर गेला असेल? अर्थातच त्या कार्डाच्या ड्रायव्हरवर. त्याचं नाव 'ई-१०००-ई'. कार्डाशी बोलणारा तोच, तेव्हा गुन्हेगारही तोच, असं सगळ्यांना वाटलं. लिनक्स वाटणाऱ्या काही मंडळींनी त्या ड्रायव्हरला चाचणीच्या आवृत्तीतून बाहेरच ठेवलं. इंटेलच्या आणि लिनक्सच्या तज्ज्ञांनी काही आठवडे शोध घेतला आणि ऑक्टोबरमध्ये खरा चोर सापडला. तो ड्रायव्हर नव्हताच! लिनक्सच्या आतली कामं टिपून ठेवणारं 'एफ-ट्रेस' नावाचं एक वेगळंच साधन होतं. स्मृतीतल्या काही जागांचे पत्ते ते लक्षात ठेवत असे. पुढे त्या जागा रिकाम्या झाल्या आणि त्यातली एखादी जागा नेटवर्क कार्डाच्या वाट्याला आली. पण या साधनाला ते ठाऊकच नव्हतं. घर बदलून गेलेल्या माणसाच्या जुन्या पत्त्यावर पत्र टाकावं, तसं ते तिथे जाऊन लिहीत होतं, आणि ते लिखाण थेट कार्डाच्या स्मृतीत उमटत होतं. मग त्या साधनाचा तो भाग बंद ठेवून लिनक्सची दुरुस्त आवृत्ती निघाली.

बघा, एवढे मोठे तज्ज्ञ, तरी पहिला आळ निर्दोष ड्रायव्हरवरच आला. पण त्यांनी एक गोष्ट चांगली केली. आळ आला म्हणून तपास थांबवला नाही.

आणखी एक ताजी गोष्ट सांगते. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज ११ चं एक अपडेट आलं. कॉम्प्युटर आजारी पडला तर त्याच्यासाठी विंडोजमध्ये दुरुस्तीची एक वेगळी खोली असते. या अपडेटनंतर त्या खोलीत यूएसबीचा कीबोर्ड आणि माउस चालेनासे झाले. म्हणजे दवाखान्यात गेलो, पण तोंडातून शब्द फुटेना अशी अवस्था! २० ऑक्टोबरला मायक्रोसॉफ्टने घाईने दुसरं अपडेट काढून हे दुरुस्त केलं.

मग अपडेट कायमचं बंदच करून टाकावं का? तुमच्यातले काही जण लगेच "हो" म्हणतील. पण थांबा. मार्च २०१७ मध्ये मायक्रोसॉफ्टने विंडोजमधलं एक धोकादायक भगदाड बुजवणारं अपडेट दिलं होतं. अनेकांनी ते घेतलंच नाही. १२ मे २०१७ ला त्याच भगदाडातून 'वॉनाक्राय' नावाचा विषाणू शिरला. त्याने सुमारे दीडशे देशांतल्या कॉम्प्युटरांमधल्या फाइली कुलूपबंद केल्या आणि कुलूप उघडायला पैसे मागितले. इंग्लंडमधल्या दवाखान्यांना रुग्णांच्या ठरलेल्या तारखा रद्द कराव्या लागल्या. म्हणून अपडेट घ्यायचंच, पण डोळे उघडे ठेवून घ्यायचं.

आता जरा रेल्वेकडे वळू. वाटेल, कॉम्प्युटरच्या गोष्टीत रेल्वे कुठून आली? पण लातूरच्या आजोबांना विचारा. बार्शी लाइट रेल्वेची छोटी गाडी १९११ पासून लातूरला येत असे. तिच्या दोन रुळांमधलं अंतर होतं फक्त अडीच फूट. पुढे हा मार्ग रुंद करायचं ठरलं. २००७ मध्ये लातूर ते तेव्हाचं उस्मानाबाद, म्हणजे आताचं धाराशिव, आणि २००८ मध्ये तिथून कुर्डुवाडीपर्यंत साडेपाच फुटी रुळांवरून मोठ्या गाड्या धावू लागल्या. लातूरची मोठी सोय झाली. पण छोट्या गाडीच्या इंजिनांचं काय? त्यांच्यात बिघाड झाला नव्हता. त्यांच्या मापाचा रूळच उरला नाही!

जुन्या कॉम्प्युटरांचं अगदी असंच झालं आहे. २०२१ मध्ये विंडोज ११ आलं. त्यासाठी कॉम्प्युटरमध्ये सुरक्षेची एक खास चिप आणि ठरावीक नवा प्रोसेसर असावा, अशी अट घातली गेली. त्यामुळे चांगले चालणारे कितीतरी कॉम्प्युटर बाहेर राहिले. विंडोज १० ची नेहमीची मोफत सुरक्षा-अपडेटं १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली. घरगुती कॉम्प्युटरांना नोंदणी केल्यावर १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची वाढीव मुदत तेवढी दिली गेली. शहरातल्या मोठ्या घरांत नवा कॉम्प्युटर येईल. पण जिथे एकाच कॉम्प्युटरवर सगळा वर्ग आळीपाळीने बसतो, तिथे काय करायचं?

त्यावर एक वाट आहे. लिनक्स मोफत मिळतं आणि त्याच्या काही हलक्या आवृत्त्या जुन्या कॉम्प्युटरवरही चालतात. केरळमधल्या सरकारी शाळांत मुलं वर्षानुवर्षं लिनक्सवरच शिकत आली आहेत. आपल्या देशातल्या सी-डॅक या संस्थेने 'बॉस' नावाचं लिनक्स तयार केलं आहे आणि त्यात मराठीची सोयही आहे. मात्र तिथेही दुभाष्याचा प्रश्न सुटत नाही. ब्रॉडकॉम कंपनीच्या वाय-फाय चिपा अनेक लॅपटॉपमध्ये होत्या, पण कंपनी त्यांची भाषा कुणाला सांगत नव्हती. लिनक्सच्या हौशी मंडळींनी चिपचं वागणं निरखून, अंदाज बांधून ड्रायव्हर लिहिले. शेवटी २०१० मध्ये कंपनीने आपल्या नव्या चिपांसाठी ड्रायव्हर खुला केला. म्हणून लिनक्स कायमचं टाकण्याआधी ते पेन ड्राइव्हवरून चालवून बघावं आणि वाय-फाय, आवाज, प्रिंटर हे सगळं तपासून घ्यावं.

आता घरच्या विंडोजचं वाय-फाय गेलं तर काय करायचं, ते क्रमाने सांगते. घरातलं मोठं माणूस जवळ असू द्या.

१. मोबाइलवर तेच वाय-फाय लागतं का बघा. लागत नसेल, तर दोष कॉम्प्युटरचा नाहीच. राउटरकडे वळा.

२. लॅपटॉपवर विमानाचं चित्र असलेलं बटण चुकून दाबलं गेलं आहे का बघा.

३. कॉम्प्युटर 'शट डाउन' न करता 'रीस्टार्ट' करा. पुष्कळ कॉम्प्युटर शट डाउन करताना पूर्ण रिकामे होत नाहीत, कारण पुन्हा लवकर सुरू व्हावं म्हणून काही गोष्टी तशाच जपून ठेवतात. रीस्टार्टमध्ये सगळं नव्याने सुरू होतं.

४. 'डिव्हाइस मॅनेजर' उघडा. वाय-फाय कार्डाचं नाव दिसतंय आणि त्यावर पिवळा त्रिकोण आहे, तर कार्ड आत आहे आणि बहुधा दुभाष्या हरवला आहे. तिथल्या 'रोल बॅक ड्रायव्हर' या बटणाने जुना दुभाष्या परत बोलावता येतो. बटण फिकट दिसलं, तर जुना ड्रायव्हर शिल्लक नाही असं समजा.

५. मग लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावरून योग्य ड्रायव्हर घ्या. "पण वाय-फायच नाही, तर घ्यायचा कसा?" मोबाइल केबलने कॉम्प्युटरला जोडून 'यूएसबी टिथरिंग' चालू करा. मोबाइलचं इंटरनेट कॉम्प्युटरला मिळेल.

६. 'अपडेट हिस्टरी'मध्ये तारीख बघा. बिघाडाच्या दिवशीच अपडेट आलेलं असेल, तर बरीचशी अपडेटं तिथूनच काढता येतात. दुरुस्त अपडेट येईपर्यंत 'पॉज' करून थोडे दिवस थांबताही येतं.

आणि अपडेटच्या आधी पाळायच्या तीन गोष्टी. महत्त्वाच्या फाइली पेन ड्राइव्हवर उतरवा. वाय-फायचा चालू ड्रायव्हरही त्यातच ठेवा. आणि लाइट जाण्याची वेळ असेल किंवा दुसऱ्या दिवशी फॉर्म भरायची शेवटची तारीख असेल, तर अपडेट सुरूच करू नका. अर्ध्यावर लाइट गेली तर खरोखरचा बिघाड होऊ शकतो. शाळेत दहा कॉम्प्युटर असतील, तर आधी एकावर अपडेट घ्यावं, चार दिवस बघावं, मग बाकीच्यांवर घ्यावं.

पालकांसाठी दोन शब्द. कॉम्प्युटर ही घरातली महागाची वस्तू. ती बंद पडली की जीव खालीवर होतो, हे खरं आहे. पण शेवटचा हात लेकराचा होता म्हणून दोष त्याचाच, असं ठरवू नका. उगाच आळ आलेलं मूल पुढच्या वेळी खरी चूकसुद्धा लपवतं. "तू काय केलंस?" असं न विचारता "शेवटी काय दिसलं होतं?" असं विचारा. मूल सगळं आठवून सांगेल आणि दुरुस्तीचं अर्धं काम तिथेच होईल. नवीन कार्डाला पैसे देण्याआधी दुरुस्तीवाल्यांनाही एक प्रश्न नक्की विचारा, "ड्रायव्हर तपासलात का?"

या आठवड्याचा उद्योग : एक वही करा आणि तिला नाव द्या 'कॉम्प्युटरची रोजनिशी'. त्यात आपल्या कॉम्प्युटरचं मॉडेल, ऑपरेटिंग सिस्टीमचं नाव आणि वाय-फाय कार्डाचं नाव शोधून लिहा. पुढे जेव्हा जेव्हा अपडेट येईल, तेव्हा तारीख टाका आणि दुसऱ्या दिवशी काय चाललं, काय नाही, ते नोंदवा. घरात कॉम्प्युटर नसेल, तर मोबाइलची रोजनिशी करा. त्यालाही अपडेट येतंच! महिन्याभराने तुमच्या नोंदी मला पाठवा. कुणाच्या वहीत कोणता चोर सापडला, ते आपण सगळे मिळून वाचू.

तुमच्या,
बाई